काचेआडचे ऊन

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू करून पाठवलेला रंग बदलणारा चष्मा उन्हात काळा होतो, सावलीत पुन्हा कोरा होतो. पण गाडी चालवायला बसलो, की समोरून कितीही ऊन डोळ्यांत शिरू दे, हा पठ्ठ्या कोराच! ऐन वेळी पाठ फिरवणारा चष्मा सख्ख्या भावाच्या गळ्यात मारलास की काय?

थट्टेने सुरुवात केली, कारण पुढचे लिहायला हात धजत नाही. दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाने माझ्या चिंगीला कासवाचे पिल्लू दिल्याचे कळवले होते. कोटाच्या बटणाहून थोडेसेच मोठे, म्हणून नाव बटण. त्याची पाठ आता मऊ पडली आहे. कडेला बोट टेकले तर जुन्या पुठ्ठ्यासारखी दबते. मागचा एक पाय ते ओढत नेते, आणि तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांसाठी कॅल्शियमचे, म्हणजे चुन्याचे, थेंब दिले आणि ऊन मिळते का, असे विचारले. मी छाती फुगवून सांगितले, की रोज सहा तास! ते खोटे नव्हते. त्याचे घमेले उन्हाच्या खिडकीत आहे. वारा लागू नये, मांजर येऊ नये, म्हणून त्या खिडकीला मी स्वतः बसच्या पुढच्या काचेचा उरलेला सपाट तुकडा कापून बसवला आहे. गाड्यांना काचा बसवण्यात माझी वीस वर्षे गेली; याहून भक्कम काच आमच्या वर्कशॉपात नाही.

ऊन भरपूर, तेव्हा चूक खाण्यात असणार, असे मी धरून चाललो. खाऊ घालते चिंगी. तुझ्या लाडांनीच ते मरणार आहे, असे मी तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून पोर घमेल्याकडे फिरकत नाही. काल तिने तिच्या आईला विचारले, की बटण मेले तर मला घरात ठेवाल ना? ताई, काही सुचत असेल तर कळव.

भाचीवर आहे त्यातली चिमूटभर माया बटणाच्याही वाट्याला येऊ दे.

तुझा
धाकटा

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचताना आधी हसले, आणि मग हसू तोंडातच राहिले. चष्मा आणि कासव या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. सावकाश वाच, नेहमीसारखे शेवटावर उडी मारू नकोस.

आपण ज्याला ऊन म्हणतो ती किरणांची मोळी असते. काही किरण दिसतात, काही ऊब देतात. आणि काही, अतिनील नावाचे, डोळ्यांना दिसत नाहीत की कातडीला जाणवत नाहीत. चष्म्याच्या काचेतले रसायन काळे पडते ते या अतिनील किरणांनी. कासवाच्या शरीरात चुना मुरवून पाठ घट्ट करणारे जीवनसत्त्व तयार होते, तेही त्यांतल्याच एका भागाने. आता तुझी लाडकी काच आठव. दगड लागला तरी तुकडे उडू नयेत, म्हणून दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा चिकटवलेला असतो. तो पडदा जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. म्हणून गाडीत तुझा चष्मा कोरा राहतो. आणि म्हणूनच, बाळा, बटणाला रोज सहा तास उजेड मिळाला, ऊब मिळाली. ऊन मात्र मिळालेच नाही.

साधी काच बसवून भागवू नकोस. तिच्याआड चष्मा थोडाफार काळा होईल, पण कासवाला लागणारे किरण तीही अडवते. काच उघडायलाच हवी. पंधरा मिनिटांपासून सुरुवात कर. अर्ध्या घमेल्यावर सावली ठेव, नाहीतर इवलासा जीव भाजून निघेल, आणि त्याच्यापाशी कोणीतरी बसलेले असू दे. मात्र त्याआधी डॉक्टरीणबाईंना काचेचे खरे काय ते सांग. तू दिलेल्या उत्तराने त्याही चकल्या आहेत.

बटण वाचेलच, असे मी लिहीत नाही. मी चष्मे करते, कासवे नाही. पण चिंगीच्या मनातला घाव तुझ्या हातचा आहे, तो तूच भरायचा. नुसते 'माझे चुकले' म्हणालास, तर बाबा समजूत काढतात असेच तिला वाटेल. तिच्या हातात चष्मा दे, आणि तिलाच पाहू दे.

तिला जवळ घेतल्याचे कळव. मग तुझ्यावरचा राग सोडते.

तुझी
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत; बटणाची पाठ त्यांनी पुन्हा चाचपून पाहिली. निदान महिनाभर काहीच सांगता येणार नाही आणि वाचले तरी पाय अधू राहील, असे त्यांचे मत पडले. बटणाने अजून काही खाल्लेले नाही.

चिंगीच्या हाती चष्मा दिला. आधी बंद काचेआड, मग त्याच जागी काच सरकवून. पहिल्यांदा कोरा राहिलेला चष्मा दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांदेखत काळवंडला. तिने काच पुन्हा लावून, चष्मा कोरा होतो का, तेही पाहून घेतले. मग म्हणाली, की म्हणजे मी नव्हते, बाबा, काच होती. मी म्हणालो, की काचही नव्हे गं, काच बसवणारा होता. तिने थोडा विचार केला आणि मला घमेल्यापाशी सरकून जागा करून दिली. रोज सकाळी आता आम्ही दोघे तिथे बसतो. बटण हलत नाही. आम्हीही हलत नाही.

तुझा राग गेला असेल तर दोन ओळी चिंगीच्या नावाने टाक.

तुझा
धाकटा

ता. क. आत्यालाही करून बघायला सांगा, असा चिंगीचा हुकूम आहे. रंग बदलणारा चष्मा उभ्या गाडीत पुढच्या काचेआड उन्हात धरायचा आणि शंभर आकडे मोजायचे. मग बाहेर उतरून, त्याच उन्हात, पुन्हा शंभर. ऊब तळहाताला दोन्हीकडे लागेल, म्हणून हाताला विचारायचे नाही; चष्म्याला विचारायचे.