जॉर्जियातले निम्मे घर

मी, राजपाल तात्याराव ओव्हाळ, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त बॉयलर अटेंडंट, राहणार ढोकी रस्ता, कळंब, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि दारू मी एकोणीसशे ब्याऐंशी साली सोडली. डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. रक्तदाब जरा जास्त निघाला, पण आयुष्यभर ज्या काट्यांवर नजर ठेवून बसलो त्यांच्या मानाने तो काहीच नाही.

मागच्या महिन्यात मी एक कच्चा मसुदा केला होता. तो रद्द समजावा. का रद्द केला ते कलम सहामध्ये येईल.

लिहायला बसण्याचे खरे कारण आधीच सांगतो. माझ्या मालमत्तेचे वाटप दोन ओळींत होण्यासारखे आहे. पत्नी वारली, मुलगी एकच. पण जॉर्जिया देशात माझे निम्मे घर आहे. उरलेले निम्मे मुरुम गावचे समद मुनवर अत्तार यांचे आहे. त्या घरावरून मी समदभाईंबद्दल चारचौघांत नको ते लिहिले. ते मला परत घ्यायचे आहे.

कलम १. कळंब येथील दोन खोल्यांचे राहते घर, वरची पाण्याची टाकी आणि पुढची मोकळी जागा यांसह, माझी मुलगी श्रावस्ती हिला मिळावे. ती धाराशिवला नोकरीला आहे आणि तिला इकडे यायला सवड होत नाही, हे मला माहीत आहे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. भाड्याने दिले तर भाडेकरूला गिझर बसवू देऊ नये. न्हाणीत तांब्याचा बंब आहे, तो उत्तम चालतो.

कलम २. बँकेतील व पोस्टातील ठेवी श्रावस्तीला. त्यातून विहाराच्या वाचनालयाला कुलपाची दोन कपाटे घेऊन द्यावीत. कुलूप यासाठी, की पुस्तके नेऊन परत न आणणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत. माझ्या माघारी त्रिशरण, पंचशील व्हावे. भाषणे होऊ नयेत. माझ्याबद्दल चांगले बोलायला जे उभे राहतील त्यांना कलम पाच वाचायला द्यावे.

कलम ३. पान्यांचा संच, दोन हातोड्या, गेजच्या काचेच्या तीन नळ्या आणि पहिल्या वर्गाचे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र हेही श्रावस्तीला. तिला त्याचा उपयोग नाही, पण भंगारवाल्याला देण्याआधी वर्षभर तरी ठेवावे.

हत्यारांत एक पत्र्याची पाटी आहे. तीवर लाल अक्षरांत ‘बॉयलर रिकामा केला आहे, हात लावू नये’ असे लिहिले आहे. साखर कारखान्यात आमचा नियम होता. ज्याने बॉयलरमधले पाणी बाहेर सोडले त्यानेच ही पाटी व्हॉल्व्हला अडकवायची. ते काम दुसऱ्यावर सोपवायचे नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ती भंगारात चालली होती, मी मागून आणली. ती कोणाला देऊ नये. जॉर्जियाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या बाजूला खिळा मारून अडकवावी.

माझी बांबूची शिडी शेजारचे महांतप्पा यांनी चार वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली. ती त्यांनाच ठेवून द्यावी असे मनात होते. परंतु ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. त्यामुळे शिडी परत आणून द्यावी.

कलम ४. आता जॉर्जियाचे घर. मी एकोणीस वर्षांचा असताना साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये लागलो. समदभाई माझ्याहून चार वर्षांनी मोठे. काचेच्या नळीत दिसणारी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी वाचायला मला त्यांनी शिकवले. पहिल्याच दिवशी म्हणाले, “राजपाल, पोटात भाकरी नसली तरी चालंल, बॉयलरात पाणी पायजे. कोरडा सोडलास तर तू बी जाशील अन् आमाला बी नेशील.” हे मी कधी विसरलो नाही. पुढच्या सगळ्याचे मूळ यातच आहे.

पुढे तेच मला मस्कतला घेऊन गेले. समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्लांटवर आम्ही तेवीस वर्षे काढली. बाहेर पंचेचाळीस अंश, आत त्याहून जास्त. दोन हजार अकरा साली सुटीत दोघे बायकांना घेऊन जॉर्जियाला गेलो, कारण तिथला व्हिसा सहज मिळत होता. डोंगरातल्या एका गावात गुडघाभर बर्फ होते. समदभाई त्यात बूट रोवून उभे राहिले आणि म्हणाले, “हितं एक घर घिऊ. म्हातारपणी निवांत गारठू.” दुसऱ्या वर्षी घेतले. लाकडी, दोन खोल्यांचे, दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे. कोणती खोली कोणाची हे कागदावर नाही. कळंबात मे महिन्यात माणसे सावली शोधत तेव्हा आम्ही तिथे स्वेटर घालून चहा पीत असू. शेजारीण एक म्हातारी बाई, तिचे नाव नाना. या नावाची बाई असू शकते हे माझ्या पत्नीला शेवटपर्यंत पटले नाही.

स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा बॉयलर होता, शाळेच्या दप्तराएवढा. त्यातले गरम पाणी नळ्यांतून फिरायचे आणि खोल्या उबदार व्हायच्या. पन्नास टनी बॉयलर सांभाळलेल्या आम्हा दोघांना तो खेळण्यासारखा वाटला. तिथेच आम्ही चुकलो.

थंडीसाठी घेतलेल्या घरात आमचे भांडण उबेवरून सुरू झाले. मला अठरा अंश पुरत. समदभाईंच्या पत्नी बेगमबी यांचे गुडघे दुखत, म्हणून समदभाई तापमानाचा काटा चोवीसवर नेत. मी येता-जाता काटा मागे आणायचो. शेवटी त्यावर ‘१८’ असा कागद चिकटवला. बेगमबी एवढेच म्हणाल्या, “भाऊ, ह्या घरात मी पाहुणी हाय का मालकीण, तेवढं सांगा. म्हंजी तेवढ्या मापानं थंडी वाजून घेती.” मी कागद तसाच राहू दिला. त्यानंतर आम्ही महिने वाटून घेतले. एकमेकांना फोन करणे सुटले.

कलम ५. हे कलम मी शपथेवर लिहितो.

दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात समदभाई व बेगमबी तिथे राहून गेले. नोव्हेंबरात मी छपराचे काम बघायला दोन दिवसांसाठी एकटा गेलो. बॉयलरमधल्या पाण्याच्या दाबाचा काटा शून्यावर होता, म्हणजे आत पाणी नव्हते. ज्यांनी मला धडा दिला त्यांनीच बॉयलर कोरडा सोडला, असे मी धरून चाललो. मी पाणी भरले, काटा दीडवर आणला, प्रत्येक नळीतली हवा काढली. गॅस बंद केला. भरल्या काट्याचा फोटो काढला आणि समाधानाने कुलूप लावून निघालो.

जानेवारीत तिथे उणे सतरा झाले. नानाचा फोन आला. नळ्या फुटल्या होत्या, बॉयलर तडकला होता, आणि ऊन पडल्यावर सगळे पाणी लाकडी जमिनीवर आले होते.

आमचा कारखान्यातल्या आणि प्लांटवरच्या जुन्या लोकांचा ग्रुप आहे. तेव्हा सत्तावीस जण होते, सगळे बॉयलरवाले. मी त्यावर फोटो टाकला आणि खाली लिहिले: ‘समदभाईंनी बॉयलर कोरडा सोडला होता. मी भरून आलो म्हणून जमिनीवर भागले, नाहीतर घरच गेले असते. यांच्याकडे कोणी शिकायला जाऊ नये.’ समदभाई तेव्हा मुरुमला बॉयलर परीक्षेचा क्लास घेत होते. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ‘पाणी मी मुद्दाम बाहेर सोडलं होतं, थंडीसाठी.’ कोणाचा विश्वास बसला नाही. आमच्यापैकी कोणीच नळीत पाणी गोठलेले पाहिले नव्हते. पुढच्या हंगामाला क्लासला तीनच मुले आली. मग क्लास बंद झाला.

एप्रिलमध्ये मी दुरुस्तीला गेलो. तिथला मिस्तरी फोनवर टाइप करी आणि मला हिंदीत वाचायला देई. त्याने लिहिले, ‘खाली घर में पानी किसने भरा? सर्दी से पहले निकालते हैं।’ मी ते दोनदा वाचले. मग फोन हातात घेऊन लिहिले, ‘मालूम नहीं।’ फोनने ते त्याच्या भाषेत करून त्याला दाखवले.

म्हणजे पाणी समदभाईंनी बरोबर सोडले होते. नानाने त्यांना सांगितले होते, त्यांनी ऐकले होते. मी भरलेले पाणी गोठून नळ्या फुटल्या, घर मी फोडले. जो फोटो मी पुरावा म्हणून फिरवला तो माझ्याच विरुद्धचा पुरावा आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. हे मला गेली नऊ वर्षे माहीत आहे. या काळात वकिलांच्या नोटिसा झाल्या. त्यांनी घर विकू म्हटले की मी सही दिली नाही, मी विकू म्हटले की त्यांनी दिली नाही. दाराला आता दोन कुलपे आहेत, दोन्हींच्या किल्ल्या नानाकडे असतात, आणि आतल्या एका बऱ्या खोलीत ती अक्रोड वाळवते. मला याची लाज वाटते. अक्रोडांची नव्हे.

ग्रुपवर लिहिलेले ते सगळे मी परत घेतो. समद मुनवर अत्तार यांनी उभ्या आयुष्यात एकही बॉयलर कोरडा सोडलेला नाही.

कलम ६. रद्द केलेल्या मसुद्यात मी माझा निम्मा हिस्सा समदभाईंना लिहून दिला होता. कबुलीही त्यातच होती. आमचे वकील योगीराज यांनी तो वाचला आणि विचारले, “काका, हे त्यांना कळणार कवा?”

“मी मेल्यावर.”

“त्यांचं वय किती?”

“बहात्तर.”

त्यांनी मसुदा माझ्याकडे परत सरकवला. मी घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही, हे श्रावस्तीला सांगितलेले नाही. मग पुन्हा गेलो आणि म्हटले, समदभाईंना साक्षीदार करा. वकील म्हणाले, “ज्याला हिस्सा मिळतो त्याला साक्षीदार ठेवू नये, उगंच वाद होतो. एक तर हिस्सा द्या, नाहीतर सही घ्या. अन् साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसती.” मी म्हटले, मला वाचणाराच साक्षीदार पाहिजे.

म्हणून जॉर्जियाच्या घरातला माझा निम्मा हिस्सा श्रावस्तीला देत आहे, खालील अटींवर. समदभाई किंवा त्यांची मुलगी उझमा यांना घर विकायचे असल्यास श्रावस्तीने त्याच आठवड्यात सही द्यावी. ठेवायचे असल्यास वाटणी मागू नये. माझे कुलूप काढून टाकावे. काट्यावरचा कागद फाडावा. त्या घराचे तापमान बेगमबी ठरवतील. त्या पाहुण्या की मालकीण या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

कलम ७. मंगळवारी मी समदभाईंना फोन केला. दहा वर्षांनी केला, तरी त्यांनी आवाज ओळखला.

“समदभाई, एक सही पायजे तुमची.”

“कशावर?”

“मृत्युपत्रावर.”

मग म्हणाले, “मराय लागलास व्हय?”

“न्हाय. पर आता लांबवायचं न्हाय.”

“कळंबची गाडी कितीला हाय?”

एवढेच बोलणे झाले. ते आज येणार आहेत. हा कागद त्यांनी सगळा वाचावा आणि मगच ठरवावे. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. एक महांतप्पा. दुसरी जागा समदभाईंची आहे, आणि मी तिसरा माणूस सांगून ठेवलेला नाही. त्यांनी सही केली नाही तर वरची सहाही कलमे रद्दी आहेत, आणि मग होईल ते मला मान्य आहे. योगीराज यांना हे अजिबात पसंत नाही, असे त्यांच्या सांगण्यावरून नमूद करतो.

सही होवो न होवो, कलम पाच मी आजच फोटोसह ग्रुपवर टाकणार आहे. तिथे आता एकोणीस जण उरले आहेत. त्याआधी माझे काही झाले तर ते श्रावस्तीने टाकावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, काही खोडले नाही.

ठिकाण: कळंब, जिल्हा धाराशिव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) राजपाल तात्याराव ओव्हाळ

साक्षीदार १: (सही) महांतप्पा, रा. ढोकी रस्ता, कळंब

साक्षीदार २: चष्मा लावून दोनदा वाचलं. पाणी मी सोडलं हे खरं हाय. पर पाटी लावली न्हवती. साधा कागद बी चिकटवला न्हाय, फोन बी केला न्हाय. अठराच्या रागात तसाच कुलूप लावून निघालो. नियम मीच शिकवला हुता. निम्मी चूक माझ्या नावावर लावावी.
(सही) समद मुनवर अत्तार, रा. मुरुम