गिटार अजून लागतच हाये

प्रिय दादा,

…तं आता हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाले विचारता येत नाई. बाबा म्हणतात, आईले विचार. आई म्हणते, दादाले विचार. काल चुलीपुढे बसून ती हे इतकी सहज बोलली, जसा काही तू अजून अहेरीच्या लाकूड डेपोतच हाये अन् परवाच्या मोटारीनं तुझं उत्तर येणार हाये! म्हणून लिहून राह्यली.

गिटार आली, दादा!

तुले आठवते? होस्टेलमधून सुटीत आली तवा मी तुले कॅटलॉगचं पान दाखवलं होतं. त्याच्या आधीच्या गिटारी विलायती, आपण काचेबाहेरून पाहाव्या अशा. अन् हे कलकत्त्याचं नवीन मॉडेल. चित्राखाली इंग्रजीत लिहिलं होतं, शिकणाऱ्यांसाठी, माफक किमतीत. तू ते मोठ्यानं वाचून घेतलं अन् म्हटलं, "माफक म्हणजे आपणच व शकू!" लगेच नागपूरले जाऊन नाव नोंदवून आला.

मंग नुसती वाट पाहणं. दुकानदाराचं एकच, पुढच्या खेपेले येईन. तू डेपोतून सागाची फळी पाठवली, खडूनं सहा रेघा मारून. चिठ्ठीत लिहिलं, "तोवर बोटं तं शिकव." मी उन्हाळाभर त्या फळीवर बोटं चालवली, अन् आवाज तोंडानं काढला! शेजारच्या कासाबाईले वाटलं, पोरगी इंग्रजी शाळेत जाऊन बिघडली.

मंग तू गेला. अन् त्याच्यानंतर खेप आली.

असं कराचं असते का दादा? तेरवीले तुझ्या डेपोचा चौकीदार आला होता. बोलता बोलता सांगून गेला, का तू हिवतापाची कुनैनची गोळी तोंडात धरे अन् कुंपणाबाहेर जाऊन थुंकून ये. रानात एकटा फिरणारा माणूस, एका कडू गोळीले भ्याला? ताप अंगावर काढला, घरी एक कार्ड टाकलं नाई. याचा राग माझ्या मनातून गेला नाई अजून. तुले सांगून ठेवतो.

दसऱ्याच्या आधी छोट्या गाडीनं पार्सल सिंदेवाही ठेसनावर उतरलं. वर तुझं नाव, प्रभाकर. बाबांनी हमालाले हात लावू दिला नाई.

आता ऐक, कशी हाये ते! कॅटलॉगात लालसर दिसे, पण खरा रंग पिकल्या टेंभराच्या फळासारखा पिवळसर. खोका उघडल्याबरोबर वार्निशचा असा वास आला का आईनं पदर नाकाले लावला. अन् हलकी किती! मले वाटलं होतं वजनदार असन, उचलली तं सुपासारखी हातात आली. बाबांनी पाठीवर टिचकी मारून पाह्यली अन् तोंड पाडलं. "साग नाई हाये हे! साऱ्या दुनियेले साग आपल्या जिल्ह्यातून जाते, अन् आपल्या पोरीच्या वाजाले हे कोणतं हलकं लाकूड लावलं?" मी सांगितलं, हलकं असन तरच आवाज फिरते. त्याहिले पटलं नाई.

तारा साऱ्या ढिल्या होऊन आल्या होत्या. बाबांनी तरुणपणी दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवली, हे तुले माहीतच हाये. ते म्हणाले, "ओल धरली यानं. उनात ठेव, चढन." मी पाणी प्याले आत गेली अन् येऊन पाह्यतो तं काय! गिटार आंगणात पालथी, अन् बाबा शेजारी शेगडी पेटवून राह्यले, ऊन कमी पडलं तं म्हणून! मी अशी ओरडली का कासाबाई कुंपणापाशी धावत आली. "बाबा, हे चामडं नाई जी! इचा सरस सुटन!" बाबा शेगडीवर पाणी टाकत म्हणाले, "मंग आधी सांगाचं ना. कातडं नाई, साग नाई, हाये तरी काय इच्यात?"

दादा, मी तवा हासली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. अन् आईचा चेहरा पाहून गप झाली.

ती दारात उभी होती. म्हणाली, "घरात वरीसभर वाजा वाजत नाई. खोका बंद कर."

काय म्हणू मी? चूक नव्हती तिची. आपल्याकडे तसंच असते. पण इतकी वाट पाहून आलेली गिटार, तू नाव नोंदवलेली, ते तशीच बंद करू? मी म्हटलं, "वाजवत नाई आई. फक्त तारा लावून ठेवतो. ढिल्या राह्यल्या तं बिघडन."

आईनं पदर कमरेले खोचला. मंग म्हणाली, "लाव. पण नुसतं लावाचं."

तवापासून मी रोज संध्याकाळी गिटार लावून राह्यली! नवीन तारा उतरतात, हे खरंच हाये. पण लागली का नाई हे पाहाले दोन-चार सूर तं काढावेच लागतात ना? मंग ते सूर एकमेकाले जुळतात का, हे पाहा लागते. असं पाहता पाहता होस्टेलच्या मिसनं तिच्या गिटारीवर शिकवलेली एक धून अर्धी होऊन जाते, अन् मी तिथंच थांबतो.

खोटं नाई सांगत, गिटारीत खोटही हाये. तारा दांडीवरच्या फळीपासून जरा उंच बसवल्या, दाबता दाबता बोटं सोलून निघाली. सगळ्यात जाड तार जोरानं छेडली तं भुणभुण करते. पण खालच्या दोन तारा! त्याहिचा आवाज आंगणातून बाहेर जाते अन् लवकर सरत नाई. विलायती कशी वाजते मले माहीत नाई. मले हेच पुरे.

चार दिवसाआधी कासाबाईनं कुंपणावरून हटकलंच. "काय व प्रभाकरची माय, वरीस नाई झालं अन् घरात वाजा?" मी आत थिजून बसली. वाटलं, आता खोका बंद.

आई धान निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाजा कुठी व? लावून राह्यली ते. लागतच नाई तिचं."

"इतके दिवस?"

"इंग्रजी वाजा हाये. टाइम लागते त्याले."

दादा, मी तोंडावर हात धरून हासली, अन् मंग रडली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बोटं दुखत होती म्हणून मी गिटार काढली नाई. दिवेलागण झाली. आईनं दोनदा माझ्याकडे पाह्यलं. शेवटी म्हणाली, "आज लागली वाटते एकदाची?"

"बोटं दुखतात आई."

"खोबऱ्याचं तेल लाव. नाई तं उद्या पुरी उतरन ते."

अन् मंग काल. आई चुलीतले निखारे मागे ओढत होती. दिवाळीचा फराळ कराचा नाई, आकाशकंदील लावाचा नाई, असं सारं सांगून झालं. मंग एकदम म्हणाली, "शकू, तुले एखादं गाणं पुरं येते का व?"

"येते."

"मंग रोज मधातच काऊन थांबतं?"

"तूच तं म्हटलं ना, वर्षभर…"

"मी म्हटलं. कासाबाई म्हणते. सारे म्हणतात. पण ज्याचं वरीस हाये, त्याले विचारलं का कोणी?"

बाबा ओसरीतून बोलले, "त्याले आता कसं विचारन ते?"

"काऊन? इतकी शिकवली तिले. लिहिता नाई येत का?"

तं लिहिलं, दादा. आई तुले विसरून राह्यली असं मनात आणू नको. तुझ्या खाकी कोटाची गुंडी तिनं कालच नवी लावली. कोण घालणार हाये तो कोट, हे मी विचारलं नाई. लोकं तिले बोलतीन, याचं मले भेव वाटते. माझं काय, मले तं इंग्रजी शाळेनं आधीच बिघडवलं हाये! पण घरात दिवाळीले काहीच आवाज नसन, याचं त्याच्यापेक्षा जास्त भेव वाटते.

एक वचन देतो. वाजवली तं पुरी वाजवीन. आई रडली तरी, मले रडू आलं तरी, कासाबाई दारात येऊन उभी राह्यली तरी, मधात थांबणार नाई.

वरीस तुझं हाये, दादा. तुले काय वाटते, या दिवाळीले वाजवू का?

बोटाले घट्टे पडलेली,
तुझी शकू