स्कार्बीची शेवटची फेरी

फेनबी, लिंकनशायर
१४ सप्टेंबर २००९

चि. सिरिल यास,
अ. उ. आ.

येथे सर्व ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो व ती पूर्वीइतकेच बोलते.

काल सायंकाळी दूरचित्रवाणीवर तुझी स्कार्बीची फेरी पाहिली. स्कार्बीच्या त्याच जुन्या विमानतळावर मी सव्वीस वर्षे लोकांना शर्यतीची गाडी हाकण्यास शिकवले व त्या लोकांत तूही होतास. आज पावाच्या दुकानात मला सुनावण्यात आले की होरेस, तुझ्या भावाने काय गाडी हाणली रे, त्याच्याकडे शिकवणी का लावत नाहीस! मी पाव न घेता परतलो.

कार्यक्रमवाल्यांनी प्रथम मलाच बोलावले होते. मी सकाळी एक फेरी मारली. आणखी चार वेळा मारा, असे त्यांनी म्हणताच मी हेल्मेट काढून त्यांच्या हाती दिले व घरी आलो. खरी फेरी एकदाच मारायची असते, हे माझे तत्त्व. दुसऱ्या दिवशी तुला बोलावले गेले आणि तू हव्या तितक्या वेळा फिरलास.

तू दाखवलीस ती फेरी नव्हे, गोधडी होती. विमानतळाच्या मनोऱ्याची सावली सुरुवातीस आखूड, पुढे एकदम लांब. तुझी गाडी वळणावर पोचण्यापूर्वीच तेथे तुझ्या चाकांचे काळे ओरखडे हजर. गिअर बदलणारा हात सरळ रस्त्यावरचा आणि आवाज वळणावरचा. लोकांना हे दिसत नाही, मला दिसते. हँगरच्या वळणावर मात्र त्यांनी गाडी दुरून, सलग दाखवली आणि तेथेच तू उघडा पडलास. ब्रेक लवकर, स्टिअरिंगचे चाक त्याहून लवकर वळवलेले, म्हणून बाहेर पडताना गाडी गवतापर्यंत फेकली गेली. असे वळण घेणाऱ्यास मी पहिल्याच दिवशी खाली उतरवीत असे.

ऑक्टोबरअखेर स्कार्बी बंद होऊन तेथे घरे उठणार. शेवटची फेरी कोणी मारावी हे आपला शर्यतीचा क्लब २५ तारखेस ठरवील आणि जो तो तुझेच नाव घेतो आहे. चिटणीस मिसेस ग्रिंडल यांस मी आजच लिहिले की हँगरचे वळण अशा रीतीने घेणारा मनुष्य या मानास अपात्र आहे. तुझ्या पाठीमागे केले असे नको, म्हणून कळवतो.

लोभ कमी झालेला नाही, परंतु आज वाढलाही नाही.

तुझा ज्येष्ठ बंधू,
होरेस टिडस्वेल

लाऊथ
१७ सप्टेंबर

प्रिय होरेस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोटभर हसलो, मग हसू मावळलं. लहानपणापासून तुला माझ्याच ताटात जास्त बटाटे दिसत आलेत.

गोधडी म्हणालास ते खरं आहे. मला सात वेळा फिरवलं. एकदा नुसते हात टिपले, एकदा नुसते पाय. एकदा तर गाडी उभी ठेवून म्हणाले की जरा घाबरल्यासारखा चेहरा करा हो काका. ते मला आपोआप जमलं.

पण हँगरचं वळण माझं नाही. त्या दुपारी पाऊस आला आणि दुरून टिपायचं तेवढं राहून गेलं. मग त्यांनी आदल्या सकाळचं लावलं. तीच निळी गाडी, तेच पांढरं हेल्मेट. दिग्दर्शक म्हणाला की म्हातारा एकच फेरी मारून रुसून गेला, पण कामाला आली बघा.

होरेस, ते वळण तुझं आहे. मला वाटलं होतं तू बघताक्षणी ओळखशील.

सकाळी टायर गार असतात, मीही ब्रेक लवकरच लावला असता. मी कुणापाशी बोललेलो नाही, बोलणारही नाही. मिसेस ग्रिंडलना सांगून ते पत्र मागे घे आणि विषय संपव. वहिनींना नमस्कार.

तुझा, शिव्या खाऊनही तुझाच,
सिरिल

फेनबी
२१ सप्टेंबर

चि. सिरिल यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. तुझ्या वहिनीने, डोरीनने, तो कार्यक्रम फितीवर उतरवून ठेवला होता. हँगरचे वळण मी तीन वेळा पाहिले. वळताना मान डावीकडे झुकते, ती माझीच.

गार टायरांची सबब तू मायेने पुढे केलीस, ती मी परत करतो. गार टायरांमुळे ब्रेक लवकर लागतो. चाक लवकर वळवण्यास टायर कारण नसतात, भय असते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे व त्या सकाळी मला भय वाटले. म्हणूनच दुसरी फेरी मारली नाही. तत्त्वाचे कारण मला घरी परतताना सुचले.

मिसेस ग्रिंडल यांस दुसरे पत्र घातले आहे. पहिले मागे घेतलेले नाही. त्यातील प्रत्येक शब्द कायम असून केवळ माणसाचे नाव बदलावे, असे कळवले. त्यांचा दूरध्वनी आला की अहो मिस्टर टिडस्वेल, हे सांगायची काय गरज होती, कुणाला कळलंही नसतं. मी म्हटले की मला कळले आहे.

तेव्हा २५ तारखेस शेवटची फेरी तुझीच ठरणार. मला तुझा हेवा वाटतो आणि तो झाकण्याइतके माझे शिक्षण झालेले नाही. त्या दिवशी मी हँगरपाशी उभा असेन. वळण चुकलास तर मला आनंद होईल. न चुकलास तर तो बराच कमी होईल, परंतु टाळी वाजवीन.

लोभ असू द्यावा, इकडून जमेल तितका आहेच.

तुझा बंधू,
होरेस