सुराबायाची साक्ष

एदोगावा, तोक्यो
५ नोव्हेंबर १९९५

ती. सुप्रभावहिनींस,

सदानंदचा नमस्कार. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं फोनवर कळलं. आता वाचता येईल म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

सकाळी आठला रणजित आणि सूनबाई कामावर जातात, नात तेजश्री शाळेत. मग चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मी. खाली उतरलो तर एक पाटी वाचता येत नाही, वर बसलो तर भिंती बघायच्या. परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे.

जूनमध्ये मी कचऱ्याची पिशवी भलत्याच दिवशी खाली ठेवली. शेजारचे नाकाओ-सान ती उचलून दारात आले. माझ्याच वयाचे, ताठ. आता रागावणार असं वाटलं, तर त्यांनी खाली बसून बाटल्या वेगळ्या, कागद वेगळे करून दाखवले. तेव्हापासून संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर आम्ही दोघं म्हातारे बसतो. मधे तेजश्री, आमची नऊ वर्षांची दुभाषी.

ऑगस्टात इथे सगळीकडे युद्धाच्या पन्नास वर्षांचंच बोलणं. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, जावा बेटावर, सुराबायाला. ते हळू आवाजात काहीतरी बोलले.

तेजश्री म्हणाली, "आजोबा, ते पण तिथेच होते. हरल्यावर त्यांनी आपल्या बंदुका तिथल्या पोरांना दिल्या. त्या तुमच्यावर चालल्या असतील, म्हणून माफी मागतायत."

"त्यांना सांग, माफी मी मागायला हवी."

"कुणाची?"

वहिनी, ती तुमची मागायची आहे.

तुमच्या लक्ष्मणला छातीत गोळी लागली, पाणी मागायलाही वेळ मिळाला नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तसं झालं नाही.

ऑक्टोबर पंचेचाळीसच्या अखेरीस आमची मराठा पलटण सुराबायात उतरली. जपान्यांची हत्यारं घ्यायची, गोऱ्या कैद्यांना सोडवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. शहरभर त्यांच्या स्वातंत्र्याचे लाल-पांढरे झेंडे. डचांचं राज्य परत नको म्हणून पोरं बांबूचे भाले घेऊन उभी. आम्ही वीस जण एका शाळेत होतो. अठ्ठावीस तारखेला वेढा पडला. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं, तिसऱ्या दिवशी गोळ्या संपत आल्या. मेलेल्यांना फळ्यांनी झाकून आम्ही त्यांच्या शेजारीच बसलो होतो. खिडकीतून हिंदुस्थानीत छापलेली पत्रकं आत पडत. 'तुम्हालाही स्वातंत्र्य हवंय ना?'

लक्ष्मणने ते वाचलं आणि रायफल भिंतीला टेकवली.

"सदा, बेचाळीसला माझ्या भावाला झेंड्यापायी गोळी घातली. घालणारा आपल्यासारखाच पगारी शिपाई असणार."

"गप बस. सुभेदार ऐकतील."

तीस तारखेला गोळीबार थांबला. दुपारी दारावर पहाऱ्याला मी एकटा. लक्ष्मण मोकळ्या हातांनी आला. "मेला म्हणून सांग. पळाला म्हणालास तर माझ्या माणसांना गावात राहता यायचं नाही." आणि रस्ता ओलांडून गर्दीत गेला. मी तसंच सांगितलं. माझ्या साक्षीवर तुमच्या घरी तार आली.

दहा नोव्हेंबरला मोठी लढाई सुरू झाली. जहाजांवरून तोफा, वरून विमानं. गल्लीगल्लीतून लढत शहर घ्यायला तीन आठवडे लागले. समोरच्या धुरात लक्ष्मण असू शकतो हे कळत होतं. तरी मी चाप ओढला, वहिनी. एकदा नव्हे.

एवढंच असतं तर कदाचित केव्हाच बोललो असतो. पण १९५१ साली मला त्याचं पत्र आलं. जावातल्या मलांगहून. तो जिवंत होता, सायकली दुरुस्त करत होता. 'सुप्रभाला सांग. यायची असेल तर बोलावून घेतो. नसेल तर माझ्यासाठी तिने अडून राहू नये.'

तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांच्या. मी नुकताच हवालदार झालो होतो. खोटी साक्ष उघडी पडली तर फीत जाईल, तुरुंग होईल, या भीतीने पत्र चुलीत घातलं. उत्तर दिलं नाही. पुढे दर भाऊबीजेला तुमच्या मोकळ्या कपाळाकडे न बघता पाटावर बसत आलो.

नाकाओ-सानांचे काही सोबती जावातच राहिले होते. लक्ष्मणचं नाव मी दिलं, त्यांनी चौकशी केली. परवा उत्तर आलं. तुमच्या उत्तराची दोन वर्षं वाट बघून त्याने तिथे लग्न केलं. १९८९ साली तो वारला. मुलगी आहे, मलांगला मास्तरीण आहे. तुमचं नाव तिला माहीत आहे, बापाने सांगितलं होतं. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलाय.

अठरा डिसेंबरला मी कोरेगावला येतोय. दिरांना, पुतण्यांना बोलावून ठेवा. सगळ्यांसमोर हेच सांगेन. दार लावून घेतलंत तर ओट्यावरून सांगेन, आणि तुम्ही जा म्हणाल तेव्हा जाईन.

तुमच्या जित्या नवऱ्याला कागदावर मारणारा,

सदानंद