ह्यांची सुटली त्याची हकीकत

महाड,
डिसेंबर १९९८

ती. इरावती वन्संना विनोदिनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मानेपुरताच. कंबर धरली आहे, उरलेलं वाकणं उन्हाळ्यात आलात की.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? इस्पितळातल्या नर्सला तब्येत विचारणं म्हणजे हलवायाला साखर पाठवण्यापैकी, पण विचारल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही. भावोजींचा खोकला थांबला असेल. इकडे सर्व खुशाल. वन्सं, हे वाक्य मी वर्षानुवर्षं प्रत्येक पत्रात लिहीत आले, पण ते खरं असताना आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तेव्हा कृपा करून दोनदा वाचा.

फोनवर सगळं सांगता येत नाही (बूथवाला कान देऊन असतो), म्हणून आता सविस्तर. तुमच्या बंधूंचं घड्याळाचं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. सकाळी हात थरथरायचा, तो स्थिर व्हावा म्हणून शटर उघडण्याआधीच एक घोट. हात थांबायचा, पण मग डोकं सुटायचं. लोकांची घड्याळं परत जायची ती बंदच, फक्त पुसून लख्ख. गिऱ्हाईक घरी विचारायला आलं की मी सांगायची, ताप आहे. एका माणसाला इतका ताप म्हटल्यावर एक दिवस मलेरियावाले दारात येऊन उभे राहिले आणि ह्यांचं बोट टोचून गेले. त्या थेंबात काय सापडलं असेल ते त्यांनी सभ्यपणाने कळवलं नाही.

तेव्हाच तुम्ही फोनवर म्हणालात, "विनू, उपाय सांगणारे ढीगभर भेटतील. प्रत्येकाला एवढंच विचार, की तुमच्याकडून गेलेल्यांपैकी वर्षाने किती जण न पिता आहेत, आणि ते बघायला जातं कोण?" खरं सांगते, मला राग आला. घर पेटलंय आणि ह्यांना चौकशा सुचताहेत, असं मनात म्हटलं आणि न विचारताच पहिला उपाय केला.

तो आला तुडीलच्या बनुबाईंकडून, माझ्या आईच्या मैत्रिणीकडून. कुणा वैदूची पांढरी पूड. पिणाऱ्याला नकळत आमटीत घालायची, की दारूची शिसारी बसते. घातली. नेमके त्या दुपारी पाचाडचे मामा न कळवता जेवायला टपकले, आणि तुमचे बंधू आमटीकडे बघून "भूक नाही" म्हणून बाहेर गेले. मामांनी तीन वाट्या ओरपल्या. पुढचं लिहीत नाही, नुकत्याच जेवल्या असाल. एवढंच सांगते, की मामांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण त्या दिवसापासून त्यांची तंबाखू सुटली. ते त्याचं श्रेय कुलस्वामिनीला देतात. मी गप्प आहे. (आता तुम्हीही.) पूड कसली होती ते कुणालाच माहीत नव्हतं. मामांना काही झालं असतं तर?

मग उमरठच्या पलीकडे एक महाराज ऐकले. माळ घालतात, शपथ देतात, सुटते. ह्यांना कसंबसं एसटीत बसवून नेलं. ह्या खेपेस मात्र तुमचा प्रश्न विचारला. महाराज म्हणाले, "हजारोंची सुटली." म्हटलं, एखादा दाखवा. त्यांनी ओट्यावरून हाक मारली, "सयाजी!" सयाजी यायच्या आधी त्याचा वास आला. मी म्हटलं, "अहो, हे तर आत्ताच पिऊन आलेत." सयाजीला भारी अपमान वाटला. छातीवर हात मारून म्हणाला, "बाय, म्हाराजांवर शंका घेऊ नका. माझी हितं चार येला सुटली हाय!"

मी हसू दाबत होते, पण हे हसले नाहीत. सयाजीकडे बघतच राहिले. परतीच्या गाडीत म्हणाले, "मी असाच दिसतो का गं?" घरी येऊन बाटली त्यांनी स्वतः मोरीत ओतली. मी देवापुढे साखर ठेवली. वन्सं, आम्ही दोघंही किती अडाणी होतो!

दोन-तीन दिवसांत त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. भिंत स्वच्छ होती. मग हवेतून बारीक स्क्रू वेचू लागले, वेचून माझ्या ओंजळीत ठेवायचे आणि सांगायचे, "सांडू नकोस." मी ती रिकामी ओंजळ तशीच धरून बसले होते. तेवढ्यात त्यांना आकडीचा झटका आला. शेजारणीला बसवून मी बूथवर पळाले, आणि तुम्ही माझं रडणं मध्येच तोडून म्हणालात, "रिक्षा बोलव. फार दिवस पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीव जातो. आधी दवाखाना." त्या एका वाक्याने तुमचा भाऊ वाचला. मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दवाखान्यात चैत्राली नावाची तरुण डॉक्टर होती. तिने ना उपदेश केला, ना "शिकलेल्या घरातले तुम्ही" म्हटलं. हे शुद्धीवर आल्यावर मी तिलाही तुमचा प्रश्न घातला. ती म्हणाली, "काकू, हमी कुणीच देऊ शकत नाही. बरेचजण घसरतात, परत यावं लागतं. पण औषध, बोलणं, घरच्यांची साथ आणि नंतर सतत विचारपूस हे सगळं एकत्र झालं, तर टिकणारे जास्त असतात. हे बघून, पडताळून ठरलेलं आहे." इतक्या जणांत 'हमी नाही' म्हणणारी ती पहिली, म्हणून माझा तिच्यावरच विश्वास बसला. तिच्या चिठ्ठीवर पुण्याचं व्यसनमुक्ती केंद्र मिळालं.

तिथे मला धक्का बसला. घरच्यांचाही वर्ग असतो! पितात हे आणि बाकावर मी. तिथल्या बाईंनी विचारलं, "त्यांच्या तापाची सबब कोण सांगतं?" हळूच हात वर केला. बघते तर बाजूच्या सगळ्या बायकांचे हात वर. अख्ख्या महाराष्ट्रात तापाची साथ होती म्हणायची. इतकी वर्षं जे एकटीने लपवलं, त्यावर आम्ही अनोळखी बायका डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पोलादपूरच्या एका लग्नात हे घसरले. मी कपाळ बडवून घेतलं, पण दुसऱ्या सकाळी हेच म्हणाले, "सयाजीची चार वेळा सुटली. माझी दोनदा सुटू दे," आणि आपणहून पिशवी भरून पुण्याची गाडी धरली. केंद्राचं विचारपूस करणारं कार्ड अजून येतं, आणि हे खरं तेच लिहून धाडतात. आता महाडातच दारू सोडलेली मंडळी दर रविवारी जमतात. चहा इतका पितात की त्यावरही वर्ग काढावा लागेल. काल ह्यांनी एक बारीकसं बायकी घड्याळ उघडून जुळवलं, मी शेजारी उभी होते. हात हलला नाही. त्यांनी वर बघितलं, मीही बघितलं.

वन्सं, माहेरपणाला आलात की मी तुम्हाला साडी देते. ह्या वेळी काय द्यावं तेच सुचत नाही. तुमचे उपकार शब्दांत मावायचे नाहीत, आणि माझे शब्द किती असतात ते तुम्ही जाणताच.

तुमची,
विनोदिनी

ता. क. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली चंद्रभागा इथे बाजाराला येते. तिचा नवरा रामा तुमच्याच मुंबईत गोदामात हमाल आहे, तिथे फार पितो. रविवारची मंडळी बघून ती मला म्हणाली, "बाय, तुमचा मानूस बरा झाला, तसा माझा पन व्हईल का?" मी हमी दिली नाही. तुमचा पत्ता दिला. रामाला तुमच्या इस्पितळातल्या योग्य डॉक्टरांपर्यंत नेऊन पोचवाल ना?

ता. क. २. तुम्ही नाही म्हणणार नाही हे ठाऊक असल्याने पत्र पोस्टात न टाकता तिच्याच हाती देत आहे. म्हणजे ती आत्ता तुमच्या दारात उभी असेल आणि तुम्ही हे सगळं तिथेच वाचत असाल. आधी तिला आत घ्या आणि पाणी द्या.