अकरा एकांची संख्या आणि खालची खोली

मी, खाली सही करणारी, निवृत्त गणित शिक्षिका, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून आज डॉक्टरांसमोर सत्तावीसचा पाढा उलटा म्हटला. मध्येच डॉक्टरांचाच गोंधळ उडाला.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. खालच्या खोलीचं कलम चारमध्ये.

२. फळ्यावरचा लाकडी कंपास शाळेला. मुख्याध्यापकांच्या खोलीत मात्र ठेवू नये. कारण पुढे येईल.

३. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ओळीने अकरा एक. दोन्हीकडून सारखीच वाचता येते, आणि अकरा एक असूनही अकराने भागलं तर बाकी एक उरते. हिला कशाने भाग जातो का, हे माझ्याच शाळेत शिकवणारा हा धाकटा भाऊ आणि मी चौदा महिने शोधत होतो. बावीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या होत्या. विषम पटी माझ्या, सम पटी त्याच्या. पानाखाली सही करायची आणि एकमेकांची पानं पुन्हा तपासायची नाहीत, असं ठरलं होतं. भावावर काय संशय घ्यायचा?

शिक्षकांच्या सभेत मी जाहीर केलं, ही संख्या अविभाज्य आहे. तिसऱ्या आठवड्यात भाऊ खडू घेऊन उठला आणि फळ्यावर लिहिलं: २१६४९ गुणिले ५१३२३९. मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले. मुख्याध्यापकपदासाठी आम्हा दोघांचीच नावं होती. ते त्याला मिळालं.

"ताई, सकाळी चहा घेताना सहज पुन्हा करून पाहिलं गं," तो म्हणाला. एकतीस वर्षं मी ते खरं मानलं.

गेल्या महिन्यात लॉगचं जुनं पुस्तक झटकलं, तर त्यातून त्याचा कच्चा कागद पडला. २१६४९ ने भागाकार, शेवटी शून्य. कोपऱ्यात तारीख, माझ्या घोषणेच्या महिनाभर आधीची. मास्तरकीची खोड, कच्च्या कागदावरही तारीख घालतो. पक्क्या पानावर त्याच भागाकाराची बाकी ७ लिहिलेली, खाली सही. माझ्या सख्ख्या भावाने केसाने माझा गळा कापला.

४. खालच्या खोलीत भाऊ राहतो. काल त्याने विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंस?"

"भागाकार," मी म्हटलं.

खोली तो असेपर्यंत त्याची, एका अटीवर. भाचीसमोर बसून त्याने तो भागाकार पुन्हा करावा, पायरी न गाळता, आणि पक्क्या पानावरचा ७ खोडून खरी बाकी लिहावी. खाली तारीख कच्च्या कागदावरचीच घालावी. मला ते शून्य त्याच्या हातून पाहायचं होतं. तोंडावर मागायचा धीर झाला नाही, कारण तो पुन्हा ७ लिहील अशी मला भीती वाटते.

साक्षीदार: डॉक्टर (सही). शेजारचे शिंपी (सही).
स्थळ: माझं टेबल. तारीख बारा. काल अकरा होती, पण उगाच योगायोग नको.

(सही) गणिताच्या बाई