ऑफिसातले मामा

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

कंपनीच्या फायली बाहेर जाऊ नयेत यावर नजर ठेवणं माझं काम; कॉम्प्युटरवर कुणी नेहमीपेक्षा वेगळं वागलं की माझ्या स्क्रीनवर लाल खूण उमटते. आज ती तुमच्या नावापुढे उमटली. रिटायर व्हायला आठवडा उरलेला, आणि तुम्ही पंपांची जुनी ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीत. सगळी तुम्हीच काढलेली. आठवण म्हणूनच घेतली असणार, मी शपथेवर सांगेन. पण भाचीच्या शपथेला कोण विचारतो? आणि तुम्हाला गुपचूप सावध केलं असतं, तर आतली बातमी फोडणारी मीच ठरले असते.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तुम्ही दटावलं होतंत, "ऑफिसात मला मामा म्हणायचं नाही. वशिल्यानं लागली म्हणतील." इतकी वर्षं जिन्यात भेटलात तरी मी 'सर' म्हणत आले.

आज साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्या. ते माझे मामा आहेत."

उद्या तुम्हाला चौकशीला आत बोलावतील. मी दाराबाहेर बसलेली असेन. बाहेर आलात की सगळ्यांदेखत मामाच म्हणणार आहे. रागवायचं ते घरी रागवा.

तुमची भाची